१९४२ची फोर्ड कन्व्हर्टिबल: जीर्णोद्धार करताना या चुका टाळा

फोर्डने नागरी मोटारींचे उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये थांबवले, त्यामुळे त्या वर्षीच्या सुपर डीलक्स कन्व्हर्टिबल (कापडी छप्पर उघडता येणाऱ्या) गाड्या थोड्याच निघाल्या. अमेरिकेत अशी गाडी पूर्ववत करायला मालक सढळ हाताने खर्च करतात. तरीही पहिल्याच उन्हाळ्यात ती अडून बसते, आणि बहुतेक वेळा त्याला तिचे वय नव्हे, तर आजच्या गाड्यांच्या सवयीने तिच्यावर केलेले काम कारणीभूत असते.

सर्वाधिक घोटाळा वायरिंगमध्ये होतो. या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची असून तिचे धन टोक चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेले असते, परंतु आजच्या मेकॅनिकचा हात सवयीने ऋण टोकाकडे जातो. तशा जोडणीतही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) योग्य दिशेने फिरतो आणि दिवे लागतात, म्हणून चूक लवकर उमगत नाही. मात्र ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलची ध्रुवता (धन-ऋण बाजू) उलटल्याने ठिणगी क्षीण होते, करंट मोजणारा अँमीटर उलटा दाखवतो आणि जनरेटरची ध्रुवता बॅटरीशी जुळत नसेल तर कट-आउटचे (जनरेटर बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात. बॅटरी योग्य रीतीने जोडल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी, मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे जनरेटरचे ध्रुवीकरण करून घ्यावे, म्हणजे त्याची ध्रुवता बॅटरीशी जुळवावी.

दुसरी चूक केबलची. तेवढ्याच कामासाठी ६ व्होल्टला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, त्यामुळे दुकानात सहज मिळणारी १२ व्होल्टची बारीक केबल लावली की सेल्फ कण्हत फिरतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो. त्यात चासीला नुकताच जाड रंग किंवा पावडर कोटिंग दिलेले असते, आणि रंगावरच आवळलेली अर्थिंगची पट्टी (बॅटरी चासीला जोडणारी) ही शोभेची वस्तू ठरते. पट्टीखालचा रंग उघड्या धातूपर्यंत खरवडून दातेरी वायसर घालावा. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्याने इंजिन आणि चासी यांच्यामध्ये स्वतंत्र पट्टी लावावी. खात्री करण्यासाठी व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. काटा अर्ध्या व्होल्टपर्यंत गेला तरी दोष अर्थिंगमध्येच आहे. नवी बॅटरी आणून उपयोग नाही.

गाडी गरम होऊ लागली की मालक आधी रेडिएटर बदलतात. २२१ घनइंचाच्या या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनात (झडपा ब्लॉकमध्येच असलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनात) एक्झॉस्टचा मार्ग ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीतून जातो, त्यामुळे पाण्यावर उष्णतेचा भार मुळातच जास्त पडतो. त्या पोकळीच्या तळाशी गंज आणि ओतकामाची वाळू साचलेली असेल, तर नवा रेडिएटर काय करणार? पाण्याचे दोन्ही पंप काढून ब्लॉक आतून खरवडून धुवावा. गरम गाडी थांबवल्यावर पुन्हा सुरूच होत नसेल, तर तो प्रश्न बहुधा पेट्रोलच्या वाफेचा असतो, कारण इंधनपंप इंजिनाच्या माथ्यावरच बसवलेला आहे.

डेंटिंगवाल्याला दारांखालचे गंजलेले पत्रे कापू देण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी आडवे आधार वेल्ड करून घ्यावेत. कन्व्हर्टिबलला ताठ ठेवणारे पोलादी छप्पर नसते. आधाराविना पत्रा कापला की बॉडी मध्येच खचते आणि दाराच्या वरच्या बाजूची फट अरुंद होते. हा दोष दाराची बिजागरी ओढून कधीच नीट होत नाही.

क्रोमचा मोह हा शेवटचा. युद्धकालीन निर्बंधांमुळे जानेवारी १९४२ पासून बंपर वगळता बाहेरची बहुतेक सजावट रंगवलेली येऊ लागली, म्हणून आपल्या गाडीचा निर्मितिकाळ न तपासता सजावटीच्या पट्ट्यांना क्रोम चढवणे म्हणजे पैसे देऊन तिची ओळख पुसणे होय. सुटे भाग घेतानाही १९४६च्या फोर्डची पुढची जाळी विकत घेऊ नये: बॉडी तीच असली तरी १९४२च्या जाळीचे गज उभे आहेत, १९४६चे आडवे.