गोडी छाटणीआधी विंचची वायर बघा: मिनी ट्रॅक्टरवर इलेक्ट्रिक विंच बसवणाऱ्या द्राक्ष बागायतदारांसाठी

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही आणि नाशिकच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत पट्ट्यात गोडी (म्हणजे फळ धरण्यासाठीच्या) छाटण्या सुरू होताहेत. इथून पुढे फुलोऱ्यापर्यंत ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र) वेळेवर फिरला तर बाग हाताशी राहते. आपल्या काळ्या जमिनीत जोराचा पाऊस झाला की वापसा यायला, म्हणजे जमीन ट्रॅक्टर घालण्याइतकी सुकायला, दोन-तीन दिवस जातात. डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) तेवढी थांबत नाही. पोंगा अवस्थेपासून (कोंब फुटतो तेव्हा) दोडा अवस्थेपर्यंत (फुलं उमलण्याआधीची कळी) पानं दोन-तीन तास ओली राहिली आणि हवा थंड-ढगाळ असली की तिचं काम होतं. म्हणून शेतकरी वापसा नसतानाच ट्रॅक्टर बागेत घालतो. पाणी भरलेला ब्लोअर मागे, चाक बुडतं. पुढं विंच, म्हणजे बॅटरीवरच्या मोटरने दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र, लावलेला असतो, त्यामुळे धीरही असतो.

हा धीर एका वायरवर अवलंबून आहे आणि ती वायरच सगळ्यांनी दुर्लक्षलेली आहे. विंच चांगला, बॅटरी नवी, दोर मजबूत. पण बॅटरीपासून विंचपर्यंत हेडलाइटला शोभेल अशी बारीक वायर, निगेटिव्ह कुठंतरी बॉडीला, आणि मध्ये फ्यूज नाही. अशा ट्रॅक्टरचं एकच होतं. विंच घरघरतो, दोर हलत नाही, तसंच ओढत राहिलं की बॅटरी बसते, मग इंजिन बंद पडलं तर स्टार्टरही उचलत नाही. बुडालेला ट्रॅक्टर आता बुडालेला आणि मुका. शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर चिखलात यायला तयार नसतो. दोन दिवस फवारणी चुकते आणि तिसऱ्या दिवशी घडावर पांढरी बुरशी दिसते. गेल्या काही हंगामांत मी अशा बागा पाहिल्यात. औषध चुकलं म्हणून नाही, ते बागेत पोचलंच नाही म्हणून त्या गेल्या.

आधी कोणता विंच घ्यायचा ते सांगतो, कारण घोळ दुकानातच सुरू होतो. मिनी ट्रॅक्टरला दुकानदार जीपचा ९५०० पाउंडाचा विंच दाखवतो. तो पूर्ण भाराला ४०० अँपियरच्या आसपास ओढतो. आपल्या १८ ते २८ एचपी ट्रॅक्टरची बॅटरी साधारण ५० ते ६५ एएच (अँपियर-तास) आणि अल्टरनेटर बेताचा. त्याला हे झेपणार नाही. मग तोच दुकानदार दुसरी बॅटरी, मोठा अल्टरनेटर, रिमोटचं किट असं एकेक गळ्यात मारतो. याची गरज नाही. ३५०० ते ४५०० पाउंडाचा, म्हणजे सुमारे १६०० ते २००० किलो ओढणारा विंच घ्या आणि त्याच्यासोबत एक चांगली कप्पी. कप्पीतून दोर फिरवून परत ट्रॅक्टरला अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, मोटरवरचा भार निम्म्यावर येतो आणि बॅटरीवरचा ताणही. कप्पीची किंमत दुसऱ्या बॅटरीच्या मानाने काहीच नाही.

विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. थर वाढला की ओढ कमी होते, म्हणून दोर जास्तीत जास्त उलगडून ओढा. पण ड्रमवर पोलादी दोराचे निदान पाच वेढे ठेवाच.

आता वायर. हिशोब साधा आहे. बॅटरीपासून विंच अडीच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन पाच मीटर तांबं. २०० अँपियर वाहत असताना ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे तीन व्होल्ट तिथंच जातात. बाराचे नऊ होतात. गेलेल्या तीन व्होल्टांची उष्णता होते, सुमारे ६०० वॉट, आणि ती वायरीच्या प्लॅस्टिकवरच निघते. हीच वायर २५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट पाऊण व्होल्टाच्या आत राहते. म्हणून २५ च्या खाली जाऊ नका. अंतर जास्त असेल तर ३५. तांब्याची वेल्डिंग केबल चालते, ती लवचीक असते म्हणून मला ती जास्त आवडते. मात्र ‘वेल्डिंग केबल’ म्हणून अ‍ॅल्युमिनियमची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली केबलही विकली जाते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर परत करा.

निगेटिव्ह केबलही तेवढीच जाड आणि थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत न्या. ‘बॉडीला दिली की झालं’ असं गॅरेजवाला म्हणेल. ऐकू नका. बॉडीतून जायला करंटला विंचच्या प्लेटचा रंग, बोल्टचा गंज, ब्रॅकेटमधला चिखल असं सगळं ओलांडावं लागतं. ओझरकडच्या एका बागेत मी विंचचा बोल्ट उघडून पाहिला: वायसरभोवतीचा रंग फोड येऊन उललेला, वायसर निळसर पडलेला, थिंबलमधलं (केबलच्या टोकाला बसवलेल्या कडीतलं) तांबं काळं. करंटला त्या बोल्टातून नीट वाट मिळाली नव्हती, एवढंच. करंट मग दुसरी वाट शोधतो. अ‍ॅक्सिलेटरची तार, पुढच्या एक्सलची बेअरिंग, जे सापडेल ते.

आणि फ्यूज. पॉझिटिव्ह केबलला, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत. ‘स्टार्टरला कुठं फ्यूज असतो?’ असं हमखास विचारलं जातं. स्टार्टरची केबल आखूड असते, एका जागी बांधलेली असते. विंचची केबल ट्रॅक्टरच्या नाकापर्यंत जाते, छाटलेल्या काड्या तिला घासतात, मांडवाचा लोखंडी अँगल लागतो, उंदीरही कुरतडतो. ती एका जागी उघडी पडून बॉडीला टेकली की बॅटरी आपली सगळी ताकद तिथं ओतते आणि बाजूलाच डिझेलची नळी असते. विंचच्या पुस्तिकेत पूर्ण भाराला जेवढे अँपियर दिलेत त्याच्या किंचित वरचा, पण केबलला सोसवेल त्याच्या आतला फ्यूज किंवा तेवढ्याच ताकदीचा ब्रेकर बसवा. शिवाय हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच. काम नसताना विंचपर्यंत करंट जाताच कामा नये.

थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पॅनेलचं काम करणाऱ्यांकडे दाबयंत्र असतं. केबल कापून, थिंबल दाबून, वर नळी चढवून तयार मिळते. केबल सायलेन्सर, हायड्रोलिकच्या नळ्या आणि पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा दांडा) यांच्यापासून लांब ठेवा. पत्र्यातून जाते तिथं रबरी बुश घाला. बोर्डो आणि इतर तांबेयुक्त औषधांचा फवारा टोकांवर बसला की ती हिरवी पडतात. महिन्यातून एकदा पुसून व्हॅसलीन लावा.

काम झाल्यावर मल्टिमीटरने एक तपासणी करा. दोर झाडाला बांधून ओढ आणा आणि एकाने मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी विंचच्या निगेटिव्ह बोल्टवर धरावी. अर्ध्या व्होल्टाच्या वर दाखवलं तर कुठंतरी जोड कच्चा आहे. तसंच पॉझिटिव्हचं. गॅरेजवाला ‘एकदम ओके’ म्हणाला तरी हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवणीचं थोडक्यात:

— पुढच्या वजनाच्या ब्रॅकेटला ८ ते १० मिमी प्लेट, ८.८ दर्जाचे बोल्ट
— इंजिन किंवा गिअरच्या ओतीव भागाला भोक नाही
— वेल्डिंग करायचं तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडा
— रेडिएटरच्या जाळीसमोर विंच नको, खाली घ्या
— मागून ओढायचं तर दोर ड्रॉबारच्या उंचीला. एक्सलच्या वर बांधलात तर ट्रॅक्टर उलटतो

ओढताना इंजिन चालू, आरपीएम थोडे वाढवलेले. मिनिटभर ओढा आणि थांबा. २०० अँपियरने एक मिनिट ओढलं की बॅटरीतून तीन एएचपेक्षा जास्त जातात, आणि अल्टरनेटरकडे वीसेक अँपियर शिल्लक असतील तर ते भरून यायला दहा मिनिटं लागतात. घाई करणाऱ्यांची बॅटरी चौथ्या ओढीला बसते. माझा ठोकताळा असा: सकाळी स्टार्टर जड फिरला असेल तर त्या दिवशी विंचवर भरवसा ठेवून चिखलात जायचं नाही, मीटर १२.६ दाखवो की आणखी काही. दुसरा ठोकताळा: दोन ओळींमधल्या गल्लीत टाच दाबून बघायची. दोन बोटं खोल गेली तर भरलेला ब्लोअर आत न्यायचा नाही, अर्धी टाकी न्यायची. फेऱ्या वाढतील, वाढू द्या.

फसलात तर आधी पीटीओ बंद करा आणि टाकीतलं द्रावण ड्रममध्ये काढून घ्या. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. मग दोर कुठं बांधायचा? मांडवाच्या अँगलला कधीच नाही. ओळीच्या टोकाचा अँगल आणि त्याचा ताण सगळ्या ओळीच्या तारा धरून असतो. तो उपटला तर ट्रॅक्टर निघेल आणि लगडलेली ओळ जमिनीवर येईल. बांधावरची बाभूळ, कडुनिंब घ्या, खोडाला रुंद पट्टा गुंडाळा, तोही बुंध्याशी. झाड नसेल तर कंबरेएवढा खोल चर खणून त्यात जाड ओंडका आडवा पुरा आणि त्याला साखळी बांधा. कप्पी लावली की झाडावर दुप्पट ताण येतो, हे विसरू नका. दोरावर ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटला तर झेपावत नाही. दोराच्या लांबीएवढ्या अंतरात कोणी उभं राहू नये, पोरं तर नाहीच. हातमोजे घाला. ओढ सरळ ठेवा. तिरपी झाली की दोर ड्रमच्या एका कडेला चढतो आणि कापला जातो.

आणि एवढं करूनही ट्रॅक्टर अडकून पडला, तर फवारणी त्याच्यासाठी थांबवू नका. एसटीपी पंप (फवारणीचा वेगळा पंप) आणि गन बांधावर ठेवा, नळी बागेत फिरवा. डाऊनीसाठी मॅन्कोझेब ७५ टक्के २ ग्रॅम प्रति लिटर आणि, पाऊस होऊन गेलेला असेल तर, त्यासोबत डायमेथोमॉर्फ ५० टक्के ०.५ ते ०.७५ ग्रॅम प्रति लिटर. निर्यातीची बाग असेल तर यंदाच्या मान्य औषधांची यादी आणि काढणीपूर्व कालावधी पाहूनच. सोबत दुकानदार दोन-तीन टॉनिक देईल, ती या फवारणीत मिसळू नका. डाऊनीत ती काही करत नाहीत आणि टाकीत काय फाटेल याचा भरवसा नसतो. पानांच्या खालच्या बाजूला द्रावण गेलं पाहिजे, कारण बुरशी तिथूनच शिरते. गनने मारताना मजूर वरूनच धुऊन काढतात, तिथं तुम्ही स्वतः उभे राहा.

पाऊस उघडल्यावर, पुन्हा ढग येण्याआधी विंचची केबल एकदा हाताने पूर्ण चाचपून घ्या, बॅटरीपासून नाकापर्यंत. कुठं आवरण खरडलेलं लागलं तर तिथं टेप मारून भागवू नका, तेवढी केबल बदला.