ओपन सोर्स प्रकल्पात निर्णय कसे घ्यावेत

सोलापुरात आम्ही पाच जणांनी यंत्रमागाच्या मजुरीचा हिशेब करणारं छोटं ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. भांडण लागलं ते पन्नास पैशांवरून. नगावर मजुरी काढल्यावर वरचे पैसे सोडायचे की रुपया पुरा करायचा? एकानं रात्री बदल थेट मर्ज केला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, दुसऱ्यानं सकाळी तो काढून टाकला. तुमच्याकडे ही वेळ येण्याआधीच, म्हणजे दुसरा माणूस सामील झाला की लगेच, कामाला लागा.

आधी रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलच्या, शेजारी आणखी एक फाइल ठेवा. मर्जचा हक्क कुणाला, नवा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) कसा नेमायचा, वर्षभर गायब असलेल्याचं काय करायचं, एवढं लिहा. अर्धं पान पुष्कळ झालं.

मग निर्णयांची वाटणी करा. शुद्धलेखन, किरकोळ बग यांना एकानं तपासलं तरी चालतं. हिशेबाचा नियम किंवा डेटाची रचना बदलायची असेल तर आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद) उघडायचा, कोड नंतर.

तिसरी पायरी मुदतीची. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारण ७२ तास तरी खुलं ठेवतात. छोट्या गटानं रोज मतदान घेत बसू नये. तेवढ्या वेळात कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरावी. (जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आम्ही मुदत दुप्पट करतो. कोण बघतंय फोन!) अपाचेत कोडच्या बदलाला −१ (विरोधी मत) म्हणजे नकाराधिकार, पण सोबत तांत्रिक कारण हवंच, नाहीतर तो नकार धरत नाहीत. नवी आवृत्ती मात्र एकट्याला अडवता येत नाही. किमान तीन +१ (होकार) हवेत, आणि विरोधापेक्षा पाठिंबा जास्त.

तरीही गाडं अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा, हेही आधीच ठरवा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात तो अनेक वर्षं गुइडो व्हॅन रॉसम यांचा होता. पीईपी ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये ते त्या जबाबदारीतून बाजूला झाले, आणि २०१९ मध्ये पाच जणांची निवडून दिलेली समिती आली. तिचा एक नियम आम्ही जसाच्या तसा उचलला: एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनापेक्षा जास्त सदस्य नकोत. इथे तो फार कामाचा. एका कारखान्याची माणसं बहुमतात आली की सॉफ्टवेअर त्याच कारखान्याचं होऊन बसतं.

चहाच्या टपरीवर ठरलेली गोष्ट त्याच संध्याकाळी इश्यूत लिहा. तोवर ती ठरली असं धरू नका.

आणि ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर आहे त्याला विचारा. आम्हाला हे उशिरा सुचलं. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराला तोडक्यामोडक्या तेलुगूत पन्नास पैशांचा प्रश्न समजावला. तो म्हणाला, सोडू नका आणि वाढवूही नका, पुढच्या आठवड्याच्या पगारात धरा. ७२ तासांत एकही हरकत आली नाही.