ग्रुप प्रेझेंटेशन द्यायचंय? आधी स्लाइड वाटणं थांबवा

इंजिनीअरिंगच्या डिझाईन कोर्सच्या प्रेझेंटेशनला नेहमी काय होतं, तर पीपीटी चौघांत वाटली जाते, इंट्रो तुझा, सर्किट माझं, कोड त्याचा आणि कन्क्लुजन जी मीटिंगला उशिरा आली तिच्या गळ्यात. रात्री सगळं एका फाइलमध्ये चिकटवायचं, आणि आधीचा काय बोलून गेला ते पुढच्याला माहीतच नाही.

म्हणून आधी चौघांनी बसून एकच वाक्य लिहा, आपण काय निवडलं आणि का. समजा प्रोजेक्ट आहे मुंबईतल्या हिंदमातासारख्या सखल भागात पाणी किती चढलं ते सांगणारा. वाक्य असं, 'आम्ही अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतला कारण तो पाण्याला न टेकता वरूनच मोजतो, गाळात अडकत नाही.' जी स्लाइड या वाक्याला मदत करत नाही ती थँक्यूच्या मागे टाका, कुणी विचारलंच तर दाखवायची. आणि मुंबई तुंबते हे मुंबईतल्या सरांना सांगण्यात पाच मिनिटं घालवू नका प्लीज, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता हे त्यांना पाठ आहे.

स्लाइडच्या डोक्यावर नुसतं 'रिझल्ट्स' नको, रिझल्ट काय आला तेच लिहा. उदाहरणार्थ 'हवा तापली की रीडिंग चुकतं, म्हणून टेम्परेचर सेन्सर जोडला'. खाली आकडा. हा सेन्सर आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग २० डिग्रीला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ३५ डिग्रीला ३५२ च्या आसपास, त्यामुळे कोडमध्ये ३४३ फिक्स ठेवलं तर २०० सेंटीमीटर अंतर १९५ दिसतं, म्हणजे पाणी ५ सेंटीमीटर जास्त चढल्यासारखं वाटतं. एवढं एक नीट समजावलं ना, तर दहा ग्राफपेक्षा भारी पडतं. जे पर्याय सोडले, फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) वगैरे, ते का सोडले तेही सांगा, कारण डिझाईनचे मार्क खरं तर तिथेच आहेत.

माइक देताना 'आता पुढचं माझी फ्रेंड सांगेल' एवढ्यावर सोडू नका. 'ही एरर कशी काढली ते ती सांगेल' म्हणा, म्हणजे धागा तुटत नाही. बाकीच्यांनी मोबाईल खिशात, एकाने प्रश्न लिहून घ्यायचे.

रिहर्सल उभं राहून, मोठ्याने, टायमर लावून. लोकलमध्ये मनातल्या मनात स्लाइड वाचली ती रिहर्सल नाही. एक राउंड भाग अदलाबदल करून घ्या, कोडवाल्याने सर्किट सांगायचं, कोण कुठे अडकतो ते लगेच कळतं. दुसऱ्या ब्रँचचा मित्र ऐकायला बसवलात तर अजून बरं.

डेमोचा व्हिडिओ आधीच काढून लॅपटॉपमध्येच ठेवा, वायफायच्या भरवशावर ड्राइव्हवर नको. पीपीटीची पीडीएफ पण ठेवा, एचडीएमआय अडॅप्टर घ्या. ब्रेडबोर्डवरच्या वायरींच्या गुंत्याचा फोटो लावू नका, मागच्या बाकावरून काही दिसत नाही, साधा ब्लॉक डायग्राम काढा.

प्रश्न बहुतेक गप्प उभ्या असलेल्यालाच येतो. 'एचसी-एसआर०४ आणि ईएसपी३२ च्या मध्ये हे दोन रेझिस्टर कशाला?' एचसी-एसआर०४ म्हणजे आपला अल्ट्रासॉनिक सेन्सर, ईएसपी३२ म्हणजे कोड चालवणारा बोर्ड. सेन्सरचा इको पिन (सिग्नल परत देणारी पिन) ५ व्होल्ट देतो, बोर्डाची पिन ३.३ चीच, म्हणून रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करायचं, हे रिपोर्ट टाइप करणाऱ्यालाही सांगता यायला हवं. नसेल येत तर तिघांनी एकदम तोंड उघडू नका, ज्याचा भाग त्यानेच उत्तर द्यायचं, आणि टेस्ट केलं नसेल तर सरळ 'हे टेस्ट केलेलं नाही सर' म्हणून किती अंतरापर्यंत केलं तो आकडा सांगायचा.