ड्रॅगनवाली जुनी टाइल घेताय? आधी पालथी करा

इंग्लंडच्या अँटिक बाजारात किंवा ऑनलाइन लिलावात व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, टाइल्स अजून मिळतात, आणि त्यावर ड्रॅगन, ग्रिफिन नाहीतर शेपटीला पीळ घातलेलं कुठलंतरी जनावर दिसलं की विकणारा लगेच विल्यम डी मॉर्गन या त्या काळच्या नावाजलेल्या टाइल-कलाकाराचं नाव घेतो आणि भाव चढवतो. तुम्ही शांतपणे टाइल पालथी करायची. ऑनलाइन असेल तर मागचा फोटो मागा, नाही दिला तर सोडून द्या.

मागे जाळी किंवा पट्ट्या उठलेल्या असतील तर ती कोरडी माती साच्यात दाबून केलेली, हे पेटंट 1840 चं. शंकरपाळ्याच्या आकाराचा छाप असेल तर ती डिझाइनच्या नोंदणीची खूण, 1842 ते 1883 मधली, पण टाइल त्यानंतरही भाजलेली असू शकते. आणि मागचं नाव म्हणजे चित्रकाराचं नाव असं नाही हां, डी मॉर्गन सुरुवातीला दुसऱ्यांच्या कोऱ्या टाइल्स आणून रंगवायचा, स्वतःच्या मातीच्या टाइल्स तो नंतर वापरायला लागला.

आता भिंग घेऊन जनावराच्या पंखाची रेघ बघा. बारीक ठिपके किंवा एकसारख्या तिरक्या रेघा दिसल्या तर ती छापील. हाताची रेघ कुठे जाड होते, कुठे रंग साचतो, वळणावर ब्रश उचललेला कळतो. डी मॉर्गनकडे चित्र पातळ कागदावर रंगवून टाइलवर चिकटवायचे, वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, भट्टीत कागद जळून जायचा आणि चित्र राहायचं, त्यामुळे एकाच डिझाइनचे दोन ड्रॅगनसुद्धा अगदी सेम नसतात. मला तर छापीलपेक्षा हीच आवडतात, डोळे जरा वेडेवाकडे असले तरी.

साफ करताना टॉयलेट क्लीनर, ब्लीच, तारेची घासणी काहीही लावू नका, प्लीज! माणिक रंगाची लस्टर टाइल असेल तर ती चमक म्हणजे ग्लेझच्या वर बसलेला धातूचा अगदी पातळ थर, घासला की गेला. मऊ कापड, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, बस. ग्लेझला तडे असतील तर पाण्यात बुडवूही नका, मळ आत जातो. मागे चुन्याचा थर असेल तर लाकडी पट्टीने थोडाथोडा काढा, सिमेंट असेल तर स्वतः छिन्नी घेऊन बसू नका, टाइल आधी फुटते. भिंतीला गोंदाने चिकटवू नका, फ्रेम करून लावा, म्हणजे मागचा छाप नंतर कोणाला बघायचा असेल तर बघता येईल.