सुका कचरा आणि बागेचा पाला वेगळा देताना या चुका टाळा

वसाहतीत डबे आले, फलक लागले, गाडीचे वार ठरले, तरी महिन्याभरात त्याच तक्रारी सुरू होतात. रद्दी भिजलेली निघते, प्लॅस्टिकचा गठ्ठा नाकारला जातो, पाल्याच्या ढिगाला वास मारतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ घरातच असतं. जे एकत्र यायला नको ते डब्यात एकत्र येतं, आणि एकदा मिसळलं की पुढे ते वेगळं करणं कष्टाचं, महागाचं आणि कित्येकदा अशक्य होतं.

तळाशी त्रिकोण आहे म्हणून टाकून देणं

प्लॅस्टिकच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ पैकी एक आकडा असतो. ही खूण अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणली, ती प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. वस्तूचा पुनर्वापर होतोच, असा तिचा अर्थ नाही. हा गोंधळ इतका वाढला, की २०१३ मध्ये मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला. जुने साचे अजून वापरात असल्याने बाण मात्र सगळीकडे दिसतातच.

व्यवहारात १ (पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या), २ (शॅम्पू, डिटर्जंटचे जाड डबे) आणि बऱ्याच ठिकाणी ५ (झाकणं, डबे) यांना मागणी असते. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचं प्लॅस्टिक आणि ७ म्हणजे 'इतर सगळं'. हे तीन क्वचितच घेतले जातात. काळं प्लॅस्टिक कोणत्याही आकड्याचं असलं तरी अडचणीचंच. छाननी यंत्र ज्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी प्लॅस्टिक ओळखतं, ते त्यातली काजळी शोषून घेते आणि छाननी यंत्राच्या डोळ्याला ते दिसतच नाही.

शंका असलेली वस्तू 'बघतील पुढचे' म्हणून सुक्यात ढकलण्यापेक्षा बाहेर ठेवलेली बरी. तुमच्याकडून माल कोण उचलतो आणि तो काय घेतो, याची यादी मागून घ्या आणि डब्यावर तीच चिकटवा. इंटरनेटवरून उतरवलेली सर्वसाधारण यादी लावली, तर तिच्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या उचलणाऱ्याला नकोशा असू शकतात.

न धुणं, आणि गरजेपेक्षा जास्त धुणं

डबा चकचकीत करायची गरज नाही. भांडी घासून उरलेल्या पाण्यात एकदा हिंदकळला, उपडा ठेवून निथळू दिला, की झालं. उद्देश एवढाच, की आतला ओला भाग शेजारच्या कागदावर सांडू नये आणि साठवणीच्या जागी किडे, उंदीर होऊ नयेत. त्यासाठी स्वच्छ पाणी ओतत बसणं ही नासाडीच.

कागदाचा प्रश्न वेगळा आहे. कागदाचा लगदा पाण्यात होतो आणि तेल पाण्यात विरघळत नाही. तेलकट पुठ्ठ्याचं तेल लगद्यात पसरून नव्या कागदावर डाग आणि कच्च्या जागा पाडतं. म्हणून खाद्यपदार्थाच्या खोक्याचं कोरं झाकण फाडून रद्दीत द्या आणि तेलकट तळ कंपोस्टमध्ये टाका. टिश्यू आणि पेपर नॅपकिनचे धागे आधीच आखूड झालेले असतात, त्यामुळे तेही रद्दीत नकोत. दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांवर रासायनिक लेप असतो. त्या रद्दीत नकोत आणि कंपोस्टमध्ये तर नकोतच.

भिजलेली रद्दी वजनाला भरते, पण बुरशी धरते आणि नाकारली जाते. खोकी उलगडून, सपाट करून, सुतळीने बांधून छपराखाली ठेवा आणि उचलण्याच्या वेळेलाच बाहेर काढा.

झाकण काढायचं की ठेवायचं

यावर उगाच वाद होतात. पाण्याची घनता १ धरली तर बाटलीच्या प्लॅस्टिकची साधारण १.३८, म्हणजे ते पाण्यात बुडतं. झाकणाचं प्लॅस्टिक ०.९ ते ०.९६ च्या आसपास, ते तरंगतं. कारखान्यात चुरा करून पाण्यात सोडला की दोन्ही आपोआप वेगळी होतात. म्हणून बाटली रिकामी करा, चेपा आणि झाकण परत लावा. सुटी झाकणं छाननीच्या पट्ट्यावरून गळून पडतात आणि वाया जातात. तुमचा उचलणारा झाकणं वेगळी मागत असेल, तर अर्थातच त्याचं ऐका.

खरी अडचण पीव्हीसीची आहे. त्याची घनता बाटलीच्या प्लॅस्टिकच्या अगदी जवळची, त्यामुळे तेही बुडतं आणि पाण्याच्या टाकीत वेगळं होत नाही. वितळवताना मात्र ते आधी विघटित होतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि सगळा माल पिवळा पडतो. बाटलीला वरपासून खालपर्यंत घट्ट बसलेलं छापील आवरण असेल तर ते कापून काढा, कारण अशी आवरणं पुष्कळदा पीव्हीसीची असतात. शिवाय छाननी यंत्र बाटलीऐवजी आवरणच वाचतं.

पिशवीत बांधून देणं

सुका कचरा प्लॅस्टिक पिशवीत भरून गाठ मारून दिला, तर छाननी करणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही आणि बऱ्याचदा पिशवी न फोडताच बाजूला पडते. यंत्र असेल तिथे सुट्या पातळ पिशव्या फिरणाऱ्या दांड्यांना गुंडाळतात आणि काम थांबवून त्या कापून काढाव्या लागतात. सुका माल सुटाच डब्यात टाका. पातळ पिशव्या कोरड्या करून एका मोठ्या पिशवीत कोंबा आणि पातळ प्लॅस्टिक घेणाऱ्याकडे वेगळ्या द्या.

चकचकीत वेष्टन धातूचं आहे की प्लॅस्टिकचं, हे ओळखायला ते मुठीत चुरगळा. तसंच राहिलं तर ॲल्युमिनियम. हळूहळू उलगडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक, आणि ते फॉइलबरोबर जात नाही. फॉइलचे तुकडे मात्र जपून गोळा करा आणि मुठीएवढा गोळा झाल्यावर द्या. सुटे तुकडे कुठेच पोचत नाहीत. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, त्यामुळे हा खटाटोप करण्यासारखा आहे.

काचेच्या डब्यात फक्त बाटल्या आणि बरण्या. चिनी मातीचा कप, ओव्हनमधलं भांडं, आरसा, खिडकीची काच यांपैकी काहीही नको. चिनी माती काचेच्या भट्टीत वितळत नाही, तिचे खडे नव्या बाटलीत राहतात आणि बाटली तिथेच तडकते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असं ठळक लिहून द्या. ती हाताळणारा माणूस उघड्या हातांनी काम करत असू शकतो.

सेल आणि बॅटऱ्या सुक्यात टाकणं

या यादीतली सगळ्यांत धोकादायक चूक हीच. लिथियम बॅटरी गाडीत दाबली गेली किंवा तिची टोकं धातूला टेकली, की ठिणगी पडते आणि भोवताली कोरडा कागद असतोच. जुने मोबाइल, इअरफोन, खेळणी, चार्ज होणारे दिवे यांतही बॅटरी असते, हे लोक विसरतात. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, वेगळ्या बरणीत साठवा आणि ई-कचऱ्यात द्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, भोसकू नका, चार्ज करू नका. धातूच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवून जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर द्या.

फवाऱ्याचे डबे पूर्ण रिकामे झाल्यावरच द्या आणि त्यांना भोक पाडू नका. सुया, ब्लेड जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात बंद करून वेगळी द्या.

बागेचा कचरा: गोळा करतानाच्या चुका

पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आतली हवा एक-दोन दिवसांत संपते आणि कुजका वास सुरू होतो. पिशवी फोडताना तिचे तुकडे पाल्यात मिसळतात आणि मग खतातून ते कधीच निघत नाहीत. पाला गोणपाटात, कापडी चादरीत किंवा उघड्या डब्यात भरा. 'कंपोस्ट होणारी' म्हणून विकली जाणारी पिशवीही सरसकट चालत नाही. तिची चाचणी साधारण ५८ अंश सेल्सियस धरून ठेवणाऱ्या मोठ्या प्रकल्पासाठी असते. अंगणातल्या ढिगाला ते तापमान आठवडेच्या आठवडे टिकत नाही.

२४० लिटरचा डबा कोरड्या पाल्याने भरला तर एकट्याने ओढता येतो. तोच ओल्या गवताने दाबून भरला तर वजन ५० किलोंच्या सहज पुढे जातं, चाक मोडतं किंवा उचलणाऱ्याची पाठ धरते. ओलं गवत निम्म्याच्या वर भरू नका. मुळांची माती झटकून वाफ्यातच टाका.

फांद्या आडव्यातिडव्या कोंबल्या की डब्यात निम्मी पोकळीच जाते. साधारण १ मीटर लांबीचे तुकडे करून काथ्याच्या दोरीने मोळी बांधा. नायलॉनची दोरी आणि तार नको, ती श्रेडरच्या (फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्राच्या) पात्यांना गुंडाळते. माडाच्या झावळ्याही सबंध घातल्या तर त्यांचे चिवट धागे पात्यांत अडकतात. मधला दांडा वेगळा करा आणि पाती हातभर लांबीची कापा. कुंड्यांचे तुकडे, नावाच्या पट्ट्या, ठिबकच्या नळ्या आधी वेचून काढा. खडा लागला की पात्याची धार गेलीच.

तणांबाबत बारकाईने वागा. फुलोऱ्यावर यायच्या आत उपटलेलं तण बिनधास्त ढिगात जातं. बी धरलेलं तण, लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या मुळ्या मात्र थंड ढिगात जिवंत राहतात आणि खताबरोबर सगळ्यांच्या वाफ्यांत पोचतात. त्या काळ्या प्लॅस्टिकखाली कडक उन्हात पार वाळवून मगच टाका, किंवा वेगळ्या द्या. मुळं कुजलेली आणि विषाणूने पानं गोळा झालेली झाडंही सामायिक ढिगात नकोत.

ढीग लावताना काय बिघडतं

सगळ्यांत जास्त बिघाड ताज्या गवताने होतो. हिरवळ कापल्यावर आलेलं गवत एकाच जागी ओतलं, की दोन दिवसांत ते आपल्याच वजनाने दबतं. पंजाने उचलायला गेलं तर सुटं येत नाही, करड्या-काळ्या रंगाची बुळबुळीत चटई निघते. आत हवा नसल्याने ते कुजतं, पण त्याचं खत होत नाही. गवताचा थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट ते तिप्पट जाडीचा सुका पाला हवा.

कारण कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांच्या प्रमाणात आहे. जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र मानवतो. ताज्या गवतात हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास असतं, सुक्या पाल्यात ४० ते ८०, लाकडाच्या भुशात २०० च्याही वर. नुसतं गवत सडतं, नुसता पाला वर्षभर तसाच बसतो आणि नुसता भुसा त्याहून जास्त काळ. म्हणून पानगळीच्या दिवसांत पाला जाळणं हे दुहेरी नुकसान आहे. धुरातले बारीक कण फुप्फुसात खोल जातात, आणि पुढे पावसाळ्यात गवताबरोबर मिसळायला हवा असलेला पालाच शिल्लक राहत नाही. जाळीच्या कुंपणात तो साठवून ठेवा.

ढीग लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १ मीटर तरी हवा. त्याहून लहान ढीग आतली ऊब धरत नाही. तळाला १५ सेंटिमीटर काटक्या घाला म्हणजे खालून हवा शिरते. ओल तपासायला आतला मूठभर माल जोरात पिळा. एक-दोन थेंब यावेत आणि गोळा टिकावा. धार लागली तर ओल जास्त, गोळा विस्कटला तर कमी.

बिघाड झालाच तर

अमोनियाचा, नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र जास्त आहे. सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळून ढीग पालटा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. ढीग पूर्ण मोडा, काटक्या घालून नव्याने रचा आणि पावसात वरून झाका.

ढीग तापतच नसेल तर आधी ओल बघा. मुंग्या दिसल्या की तो कोरडा पडला आहे असं समजा आणि थर उलगडत पाणी द्या. वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं. ओल ठीक असेल तर हिरवा माल कमी आहे किंवा ढीग लहान आहे. तापमापी नसल्यास लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. मधलं तापमान ५५ ते ६५ अंश उत्तम. ७० च्या पुढे गेलं तर उपयोगी जिवाणूच मरू लागतात, तेव्हा ढीग पालटून पसरवा. पहिल्या महिन्यात दर पाच-सात दिवसांनी पालटा आणि कडेचा माल मधे आणा, कारण बी मरायचं तर ते मधल्या उष्णतेतच. आत पांढरी बुरशीची जाळी दिसली तर घाबरू नका, ती लाकडी भाग पचवते.

खत झालं की नाही, हे रंगावरून ठरवू नका. दोन मुठी ओलसर खत हवाबंद पिशवीत आठवडाभर ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार, आंबट किंवा घाण वास आला तर अजून वेळ द्या. कच्चं खत वाफ्यात घातलं तर ते जमिनीतला नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

एक शेवटची तपासणी सामायिक ढिगासाठी आवश्यक आहे. रुंद पानांचं तण मारणारी क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिडसारखी काही औषधं कंपोस्ट होऊनही टिकतात. ढिगात कोणाच्या हिरवळीवरचं गवत आलं आणि तिच्यावर काय फवारलं होतं, हे नेहमी कळत नाही. म्हणून वाटप करण्याआधी तीन कुंड्यांत खत-माती मिसळून आणि तीन कुंड्यांत नुसती माती भरून घेवड्याचं बी पेरा. दोन-तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली नवी पानं वाटीसारखी वळली किंवा शेंडे पिळवटले, तर ते खत भाज्यांना आणि फुलझाडांना देऊ नका, फक्त हिरवळीवर पसरवा. त्या हिरवळीचं गवत पुन्हा ढिगात आणू नका.