ऑपरेशनआधीचे दोन आठवडे: आधी लिव्हर लहान करायचं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की सोबत डाएटचा एक कागदही मिळतो. तो बघून बहुतेकांना वाटतं, "वजन डाएटने उतरत असतं तर ऑपरेशनला कशाला आलो असतो?" मलाही तेच वाटलं होतं. पण हे डाएट वजनासाठी नसतंच, ते लिव्हरसाठी असतं. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरावा लागतो. चरबीने फुगलेलं लिव्हर जड असतं, उचलताना फाटून रक्त येऊ शकतं आणि मागचं नीट दिसत नाही. अशा वेळी सर्जनला पोट उघडून ऑपरेशन करावं लागू शकतं, क्वचित ते अर्धवट थांबवावंही लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की यादीतली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

तर पहिलं काम, तो कागद नीट वाचा. साधारणपणे 2 आठवडे, दिवसाला 800 ते 1000 कॅलरी आणि कर्बोदकं 100 ग्रॅमच्या आत असा बेत असतो. वजन खूप जास्त असेल तर मुदत वाढवतात. कुणाला नुसतं दूध-दही सांगतात, कुणाला प्रोटीन शेक, तर कुणाला मोजून साधं जेवण. ओळखीच्या कुणाचा कागद चांगला वाटला म्हणून तो उचलू नका.

दुसरं काम स्वयंपाकघरातलं नाही, औषधांच्या डब्यातलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. खाणं एकदम अर्ध्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच डोसने चालू राहिल्या तर शुगर धाडकन खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांची गंमत उलटी आहे: खाणं कमी असताना त्यांनी रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साचून आम्ल वाढू शकतं, आणि शुगर जवळपास नॉर्मल दिसत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद करतात, कधी डाएट सुरू होतानाच. बीपीच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवल्या तर रक्ताची तपासणी बिघडते. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायचं नाही. सगळ्या औषधांची यादी डोससकट लिहून डाएट सुरू होण्याआधी डॉक्टरांसमोर ठेवायची. मधुमेह असेल तर ग्लुकोजची पावडर उशाशी ठेवा. शुगर 70 च्या खाली गेली तर डाएट मोडेल म्हणून कुढत बसू नका, आधी ग्लुकोज घ्या आणि मग फोन करा.

आता खरेदी. त्याआधी एक छोटं गणित. प्रोटीन दिवसाला किमान 60 ग्रॅम तरी मागतात, कारण ते कमी पडलं तर शरीर स्नायू मोडून खातं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 1 लिटर दुधात 33 ग्रॅमच्या आसपास. पण त्याच लिटरभर दुधात स्वतःची 50 ग्रॅमच्या घरात साखरही असते, म्हणून "मी साखर घालत नाही" म्हणत हवं तेवढं दूध पिणाऱ्यांचं गणित चुकतं. स्वयंपाकघरात वजनकाटा आणि मापाचा पेला हवाच. नजरेने मोजलेलं नेहमी आपल्याच बाजूने झुकतं.

निरोपाची जेवणं हा प्रकार टाळा. आदल्या आठवड्यात "आता परत कुठे खायला मिळणार" म्हणत माणसं तुटून पडतात आणि लिव्हर आणखी भरून ठेवतात. दारू बंद. सिगारेट तर खरं आधीच, निदान 6 आठवडे आधी सुटायला हवी; नसेल सुटली तर आजच सोडा आणि सर्जनला खरं सांगा.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, तोंडाला वास येतो. लिव्हरमधला साठवलेला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपत असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर त्याने धरून ठेवलेलं साधारण 3 ग्रॅम पाणीही निघून जातं. म्हणून काटा सुरुवातीला भराभर उतरतो आणि मग अडतो. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला 2 लिटर प्या. पोट साफ होत नसेल तर लाजू नका, औषध मागून घ्या. या चार दिवसांत महत्त्वाच्या मीटिंगा ठेवू नका.

माझी घसरण पाचव्या दिवशी झाली, आणि तीही जेवायला बसून नव्हे. सिंकपाशी उभी राहून मुलाचं ताट निपटताना दोन घास तोंडात गेले, चावूनही झाले, मग कळलं. तेव्हापासून उष्टं काढायचं काम घरात दुसऱ्याकडे दिलं. असं झालं तर पुढचं खाणं कागदाप्रमाणे घ्या आणि विचारल्यावर सांगून टाका. लपवून तरी काय, लिव्हर कॅमेऱ्यात दिसणारच आहे.

याच दिवसांत ऑपरेशननंतरच्या सवयी लावून घ्या. लहान चमचा, एकेक घास वीसेक वेळा चावणं, जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. ऐकायला सोपं आहे. मला पाण्याचा ग्लास टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावा लागला.

आदल्या दिवशी काय आणि कुठपर्यंत घ्यायचं ते हॉस्पिटलकडून वेळेसकट लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. बहुतेक ठिकाणी घट्ट खाणं भुलेच्या किमान 6 तास आधी आणि साधं पाणी 2 तास आधी थांबवतात, पण तुमच्या कागदावरची वेळ हीच तुमची वेळ. सकाळच्या कुठल्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या तेही त्यातच लिहा.

घरी परतल्यावर लागणारी पातळ पदार्थांची आणि व्हिटॅमिनची सोय आधीच करून ठेवा. प्रोटीन पावडरचा मात्र मोठा डबा आणू नका. ऑपरेशननंतर चव बऱ्याचदा बदलते आणि आवडती चव नकोशी होते, तेव्हा दोन-तीन चवींची लहान पाकिटंच घ्या.