टूलचं सबस्क्रिप्शन घेताय? लायसन्समध्ये आधी काय बघायचं

सॉफ्टवेअर टूलच्या किमतीचं पान सगळे वाचतात, लायसन्स म्हणजे वापराच्या अटी कोणी वाचत नाही, मीही नाही वाचायचो. स्क्रोल, टिक, ॲक्सेप्ट, संपलं. मग एका क्लायंटने कॉन्ट्रॅक्टसोबत एक शीट पाठवली, त्यात वापरता ते प्रत्येक टूल, लायसन्स कोणाच्या नावावर आणि कुठल्या प्रकारचं, असं सगळं भरायचं होतं. दोन दिवस जुनी बिलं उकरत बसलो तेव्हापासून ही सवय लागली. मी वकील नाहीये हे आधीच सांगतो, पण कामापुरतं कळायला वकील लागत नाही.

अख्खं डॉक्युमेंट वाचायला जाऊ नका, झोप येईल. कंट्रोल एफ मारा आणि पर्सनल, कमर्शियल, ॲफिलिएट (संलग्न कंपनी), रिन्यू, ऑडिट, टर्मिनेशन (लायसन्स रद्द होणं) एवढे शब्द शोधा, त्यांच्या आजूबाजूचे परिच्छेद मात्र नीट वाचा.

सगळ्यात आधी लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते बघा. कोड लिहायची टूल्स बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांचं पर्सनल लायसन्स कंपनीवाल्यापेक्षा बरंच स्वस्त आहे आणि ते ऑफिसच्या कामालाही चालतं, खूप जणांना हे खरं वाटत नाही पण चालतं. फक्त पैसे तुमच्या खिशातून गेले पाहिजेत. कंपनीकडून ते बिल रीइम्बर्स करून घेतलं की अट मोडली. माझ्या एका मित्राने नेमकं हेच केलं होतं, वर मॅनेजरला म्हणे बघा कसे कंपनीचे पैसे वाचवले!

दुसरं म्हणजे फुकट असेल तर कोणाला फुकट. डॉकर डेस्कटॉप (ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट वेगळ्या डब्यात, चालवायचं टूल) पूर्वी सगळ्यांनाच फुकट होतं, ऑगस्ट 2021 मध्ये अटी बदलल्या आणि कंपन्यांना 31 जानेवारी 2022 पर्यंत मुदत दिली. आता छोट्या कंपनीला फुकट, पण छोटी म्हणजे 250 पेक्षा कमी कर्मचारी 'आणि' वर्षाचा महसूल 1 कोटी डॉलरपेक्षा कमी. त्या 'आणि'वर बोट ठेवा. माणसं तीसच आहेत पण धंदा मोठा आहे, तर पैसे भरायचे. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या टूलची फुकट आवृत्ती, तिची अट उलटीकडून लिहिलीये, 250 पेक्षा जास्त पीसी किंवा युजर, 'किंवा' वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा जास्त महसूल असेल तर तुम्ही एंटरप्राइझ, आणि एंटरप्राइझला ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो), शिक्षण वगैरे सोडून वापरता येत नाही. त्याहून लहान असाल तरी एका संस्थेत जास्तीत जास्त पाच जण. आणि हे आकडे संपूर्ण कंपनीचे मोजतात, 'आमच्या टीममध्ये चारच जण आहेत हो' चालत नाही.

फ्रीलान्सरांनी इथे जरा थांबा. एंटरप्राइझसाठी काम करणारा कॉन्ट्रॅक्टरही त्या बंदीत येतो. म्हणजे तुम्ही पुण्यात घरी एकटे बसून कोड लिहिताय पण ॲप्लिकेशन मोठ्या कंपनीचं आहे, तर 'मी एकटाच आहे' हा मुद्दा तिथे टिकत नाही.

बरं, सगळंच पैशाचं असतं असंही नाही. लिनक्सवर डॉकर इंजिन, म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा भाग, ओपन सोर्स आहे, पैशाचा प्रश्न डेस्कटॉपचा. ॲनाकोंडा या पायथॉन पॅकेजच्या संचाचंही तसंच, 200 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला त्यांचं डिफॉल्ट चॅनल (पॅकेज जिथून डाउनलोड होतात ती जागा) वापरायला लायसन्स लागतं, पण पॅकेज टाकणारं कोंडा हे टूल स्वतः ओपन सोर्स आहे आणि लोकांनी मिळून चालवलेल्या कोंडा-फोर्ज चॅनलला ती अट नाही. त्यामुळे नेमकं कशाला पैसे मागतायत ते आधी वेगळं काढा.

'नॉन-कमर्शियल' शब्दावरून तर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. ऑक्टोबर 2024 पासून जेटब्रेन्सचीच वेबस्टॉर्म आणि रायडर ही टूल्स नॉन-कमर्शियल वापराला फुकट झाली. शिकायला, हौसेच्या प्रोजेक्टला घ्या बिनधास्त, क्लायंटचं पैसे मिळणारं काम त्यात करू नका. आणि त्या फुकट लायसन्समध्ये वापराची अनामिक माहिती पाठवणं बंद करता येत नाही, ते पटतंय का तेही बघा.

आता माझा आवडता गोंधळ, पैसे भरणं थांबवलं की हातात काय उरतं? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. जेटब्रेन्समध्ये पर्पेच्युअल फॉलबॅक आहे, म्हणजे वर्षाचे पैसे भरले की एक व्हर्जन कायमचं तुमचं. पण कुठलं? लोकांना वाटतं शेवटचं. नाही हो, सबस्क्रिप्शन सुरू झालं तेव्हाचं! समजा मार्च 2024 मध्ये जेटब्रेन्सचं इंटेलिजे वर्षासाठी घेतलं, तेव्हा 2023.3 चालू होतं. मार्च 2025 मध्ये बंद केलं तर मधल्या काळात 2024.1, 2024.2, 2024.3 सगळं वापरलेलं असूनही परत 2023.3 वर यायचं. प्लगइन, प्रोजेक्ट सेटिंग सगळं मागे न्यायचं, म्हणून बंद करायच्या आधी जुनं व्हर्जन टाकून प्रोजेक्ट उघडून बघा. महिन्याला पैसे भरत असाल तर हे फॉलबॅक सलग 12 महिन्यांनंतर मिळतं, 'सलग' लक्षात ठेवा.

कारण आपल्याकडे कार्डच मध्ये खोडा घालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर 2021 पासून ऑटो-डेबिटला ई-मँडेट (तुम्ही आधी दिलेली ऑनलाइन मंजुरी) लागतो, आणि 15,000 रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. परदेशी टूलवाल्याकडे ती सोय नसेल तर पेमेंट फेल, मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये, आणि तुम्ही डेडलाइनच्या दिवशी लॉगइन करताय. मी म्हणूनच जमेल तिथे वर्षाचे एकदम भरतो आणि रिन्यूच्या आठ दिवस आधीचा रिमाइंडर लावतो. जीएसटी नंबर असेल तर खरेदी करतानाच टाका, परदेशातून घेतलेल्या सेवेवर मग रिव्हर्स चार्ज लागतो (म्हणजे जीएसटी विकणाऱ्याऐवजी तुम्ही भरायचा), पुढचं सीएला विचारा.

आणि घेतलं त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ बिलासोबत ठेवा, नावात तारीख टाकून. टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचं लायसन्स ऑगस्ट 2023 मध्ये बदललं तेव्हा आधीची व्हर्जन जुन्याच लायसन्सखाली राहिली, पण आपण नक्की कुठलं वापरतोय हे किती टीमना पटकन सांगता आलं असतं? परवा तीच शीट एका दुसऱ्या क्लायंटकडून आली, या वेळी चहा संपायच्या आत भरून झाली.